कडेकडेनं बघणाऱ्या विमलबाई

नकाशाचं काम कुठं शिकलात, असं कुणी विचारलं की मी पुण्यातल्या एका कोर्सचं नाव सांगतो आणि सुटतो. खरं उत्तर लांबलचक आहे आणि त्यात माझी फजिती आहे. खरं उत्तर म्हणजे विमलबाई. या बाईंनी आयुष्यात कधी माऊस चालवला नाही. एकदा मी फारच आग्रह केला, तेव्हा त्यांनी तो दोन बोटांनी उचलला, खालून-वरून बघितला आणि "बरा हाय," म्हणून परत जागेवर ठेवून दिला.

बाई ट्रेसर होत्या. हे पदच आता कुणाला माहीत नाही, म्हणून सांगतो. जुन्या गावनकाशावर पातळ, आरपार दिसणारं कापड अंथरायचं. त्यावर पांढरी पावडर चोळायची, म्हणजे शाई धरते. मग खालच्या रेघेवर रेघ ओढत नवी प्रत काढायची. गटांच्या हद्दी, ओढे, विहिरी, गाडीवाटा, सगळं. परभणीच्या कचेरीत बाईंनी अख्खी नोकरी हेच केलं. यंत्रं आली, ट्रेसर संपले, बाई रिटायर झाल्या. पुढं जिल्ह्याचा नकाशा इंटरनेटवर टाकायचं काम निघालं. जुने कागद संगणकात चढवले, ते नीट चढलेत का हे तपासायला जुनं माणूस पाहिजे होतं, म्हणून त्यांना कंत्राटावर परत बोलावलं. त्याच कामाचा प्रोग्रामर मी. मीही कंत्राटावरच. चाळिशीला टेकलेला, पुण्याच्या नोकरीला विटून गावाकडं परतलेला, आणि आपल्याला सगळं येतं याबद्दल मनात काडीची शंका नसलेला.

बाईंच्या घरचं मला फार ठाऊक नाही. नवरा, मुलं यांची चौकशी केली तर "हायेत, बरे हायेत," एवढंच. पुढचा प्रश्न विचारायची सोय नसायची. अंबाड्यात दोन पेन्सिली खोचलेल्या, एक काळी आणि एक लाल. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. नकाशा त्या उलटा वाचायच्या. म्हणजे खरोखर उलटा, दक्षिण वर करून. साहेब टेबलाच्या पलीकडं बसायचे आणि कागद त्यांच्याकडं तोंड करून ठेवावा लागायचा. त्या सवयीनं बाईंना सुलटा नकाशाच परका वाटायचा. स्क्रीन काही उलटा होत नाही. मग बाई मान वाकडी करून बसायच्या आणि मला म्हणायच्या, "तुमचं यंत्र लय ताठ हाय बाबा."

आणि कड. बाईंचं सगळं कडेपासून चालायचं. भाकरी खाताना आधी चहूबाजूंनी कडा मोडून खायच्या, मऊ पोट शेवटी. कुणी नवी साडी नेसून आलं की पदर बघायच्या नाहीत, काठ उलटा करून टाके बघायच्या. चारठाण्याला तपासणीला गेलो होतो. तिथली जुनी देवळं बघायला आमची सगळी गँग तडक आत शिरली, आणि बाई एकट्याच बाहेरून पुरती फेरी मारून मग आल्या. मी म्हटलं, "बाई, आत यायचं सोडून बाहेर काय बघत बसलात?" तर म्हणाल्या, "आतला देव कुठं पळून जायलाय? आधी भिंत कुठवर हाय ते तरी बघू द्या."

तपासायची पद्धतही तीच. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याला मधोमध चौकोनी भोक पाडून त्यांनी एक खिडकी केली होती. ती नकाशावर ठेवायची. खिडकीच्या आत काय आहे ते नंतर. आधी चारी कडांवरून पेन्सिल फिरवायची आणि कडेला छेदून जाणारी एक एक रेघ वहीत मांडायची. उत्तरेला ओढा एक, गाडीवाट एक. पूर्वेला काही नाही. दक्षिणेला गाडीवाट एक. मग खिडकी शेजारी सरकवायची. या खोक्याच्या दक्षिणेला जे बाहेर गेलं, ते त्या खोक्याच्या उत्तरेला आत यायलाच पाहिजे. नाही आलं तर कुणीतरी झोपेत रेघ ओढली. अशा वह्यांचा त्यांच्याकडं ढीग होता. नोकरीतल्या जुन्या वह्यासुद्धा त्यांनी टाकल्या नव्हत्या. आम्ही सगळे हसायचो. मी जास्त हसायचो.

आमचा नकाशा सुरुवातीला फार दळभद्री चालायचा. पान उघडलं की सगळा जिल्हा एकदम मागवायचा. जिंतूरपासून पालमपर्यंतच्या विहिरी, तळी, वाटा, झाडून सगळं. कचेरीतले संगणक म्हातारे, इंटरनेट आजारी. पान उघडायला टाकायचं आणि चहाला जायचं, अशी रीत पडली होती. बाईंनी हे दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या,

"मला सोनपेठकडलं एक गाव बघायचंय. त्याच्यासाठी तुमी सगळा जिल्हा कामून उतरवून घ्यायलात? माझ्या खिडकीत मावंल तेवढंच मागा की."

ही युक्ती काही नवी नव्हती. जगभर नकाशे असेच चालतात. स्क्रीनवर जेवढा भाग दिसतोय त्याचे चार कोपरे डेटाबेसला कळवायचे आणि म्हणायचं, या चौकटीतलं तेवढं दे, बाकीचं राहू दे. मला ते माहीत होतं, फक्त आळस होता. पण रिटायर झालेल्या बाईनं सांगितल्यावर करणं भाग पडलं. चार दिवसांत केलं. विहिरींवर चालवून बघितलं, कारण विहिरींची यादी सगळ्यात स्वच्छ होती. नकाशा असा पळायला लागला की विचारू नका. साहेबांनी पाठ थोपटली. मी कॉलर ताठ करून बाईंच्या टेबलाशी गेलो.

"कड बघितली का?" बाईंनी विचारलं.

"कडेचं काय बघायचं? चौकटीत आहे ते येतं, नाही ते येत नाही."

"अन् जे अर्धं आत, अर्धं भायेर हाय, ते?"

"अर्धी विहीर कुठं असते का बाई?"

सगळी खोली हसली. बाईही हसल्या. वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि कामाला लागल्या. त्यांच्या जागी मी असतो तर भांडलो असतो.

पंधरा दिवसांनी येलदरीचं पाणी गेलं. धरणातलं नव्हे, नकाशातलं. लांबून बघितलं की एवढा मोठा निळा जलाशय दिसायचा. धरणाच्या भिंतीजवळ जायला लागलं की निळा रंग गायब आणि तिथं कोरडं रान. साहेबांनी बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, "सर, आकार फार मोठा आहे, त्यामुळं होतंय." आणि मोठे तलाव, नद्या, डांबरी रस्ते यांची एक वेगळी यादी करून ती कायमच पाठवायची सोय केली. पाणी परत आलं. साहेब खूश. बाई मान वाकडी करून स्क्रीनकडं बघत होत्या.

"ठिगळ लावलंत," त्या म्हणाल्या. "फाटलं कुठं ते बघितलं न्हाई."

मला राग आला. आपण इतकं करायचं आणि ही बाई पुठ्ठ्याचं भोक घेऊन आपल्याला शिकवायची! मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे. चहा आला की माझा कप त्या माझ्या टेबलावर सरकवायच्या, नेहमीसारखाच.

गणपतीच्या सुमारास एक बाई कचेरीत आली. सोनपेठ तालुक्यातल्या एका वस्तीवरची अंगणवाडीताई, नाव सुनंदा. गावाचं नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं व्हायचं नाही. हातात आमच्याच नकाशाची छापील प्रत, प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेली.

"सायेब," ती म्हणाली, "आमचा रस्ता तुमी कुठं ठेवला?"

प्रकरण असं होतं. तिची वस्ती डांबरी रस्ता आणि गोदावरी यांच्या मधोमध. डांबरी रस्त्यापासून एक जुनी गाडीवाट शेतातून वस्तीला येते आणि विहाराजवळून पुढं नदीच्या काठाला जाते. यंदा त्या शेताच्या मालकानं वाट नांगरून तूर पेरली आणि दोन्ही तोंडांना काटेरी तार लावली. वस्तीच्या लोकांनी तहसीलमध्ये अर्ज केला. मालकानं आमच्या वेबसाइटवरून त्या भागाचा नकाशा काढून लावला. त्यात वाट नव्हती. कचेरीतला जुना कागद संगणकात चढवून झाल्यावर घडीवर फाटलेला, आणि नेमका तिथंच. पुढची तारीख दिवाळीच्या तोंडावरची. तोवर पुरावा आला नाही तर अर्ज निकाली निघणार, म्हणजे वाट गेली.

"पोरी कालव्याच्या कडंनं फिरून हायस्कूलला जायलेत," सुनंदा म्हणाली. "गुडघाभर गाळ. दोघींच्या आयांनी शाळा बंद केली. माझी प्रज्ञा नववीला हाय. तिची आजी रोज म्हणती, बास झालं आता."

मी प्रत घेतली, बघितली. वाट नव्हती. मी कचेरीतला माणूस जसा बोलतो तसा बोललो. "नकाशात नाही म्हणजे डेटात नाही, ताई. आमच्याकडं जे आलं ते आम्ही दाखवतो."

"हिकडं आना," मागून बाई म्हणाल्या.

त्यांनी ती प्रत उलटी धरली. गावाचं नाव वाचलं, गट नंबर वाचला, आणि परत गावाचं नाव वाचलं. मग सुनंदाला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मला म्हणाल्या, "सगळा तालुका दाखवा."

दाखवला. त्या सगळ्या पसाऱ्यात एक बारीक करडी रेघ डांबरी रस्त्यापासून नदीपर्यंत गेलेली होती. सुनंदा खुर्चीवरून उठली. "हाच की वं माय! हाच!"

"आता जवळ जावा," बाई म्हणाल्या.

गेलो. रेघ गेली.

"लांब."

रेघ आली.

"जवळ."

गेली. मला कळायला लागलं होतं. बाईंनी मात्र सावकाश, एकेक पाऊल टाकत विचारलं. "वाट निघती कुठून? डांबरीवरून. जाती कुठं? गोदावरीला. दोन्ही टोकं तुमच्या खिडकीच्या भायेर. बरोबर? मग तुमी यंत्राला नेमकं विचारलंय काय?"

"चौकटीत पूर्ण मावणाऱ्या गोष्टी दे, असं."

"म्हंजे जी वाट हिच्या दारावरून नुसती जायलीय, ती तुमच्या लेखी न्हाईच."

अर्धी विहीर नसते हे खरं. पण वाट कुणालाही कधी अख्खी दिसत नाही, जिथं उभं राहावं तिथून तुकडाच दिसतो. लांबून बघताना अख्खी वाट चौकटीत मावायची म्हणून यायची. जवळ गेलं की टोकं बाहेर पडायची आणि माझा प्रोग्राम ती टाकून द्यायचा. येलदरीचं पाणी ह्यानंच गेलं होतं. तेव्हा थांबून बघितलं असतं तर ही बाई पिशवीत कागद घेऊन कचेऱ्या हिंडली नसती. मला लाज वाटली. 'पूर्ण मावणारं' काढून 'कुठंही शिवणारं' एवढा बदल करायचा होता. पुढ्यातला चहा निवायच्या आत झाला. वाट आली आणि जवळ गेल्यावरही राहिली.

सुनंदाला नवी प्रत दिली. ती गेल्यावर बाई म्हणाल्या, "आता पत्र ल्ह्या."

"कसलं पत्र?"

"तहसीलला. आधी काढलेला नकाशा चुकीचा व्हता, चूक आमची, असं."

इथं मी खरा उघडा पडलो. मी म्हटलं, नकाशा दुरुस्त झालाय, नवी प्रत तिच्या हातात आहे, ती लावेल. पत्र कशाला? पत्र म्हणजे आपणच आपल्या हातानं लिहून देणं. साहेब विचारतील, वरचे विचारतील, कंत्राट पुढच्या वर्षी कोण वाढवून देईल?

"दोन नकाशे झाले की मालक म्हणंल, हा दुसरा पैसे चारून काढला," बाई म्हणाल्या. "पहिला खोटा का, हे कुणीतरी सांगाया नको?"

"तुम्हाला काय जातंय बाई बोलायला? सही माझी आहे. माझ्या पोटावर येईल, तुमचं काय जाणार?"

हे मी ओरडूनच बोललो. बाईंनी चष्मा काढला, दोऱ्याची गाठ नीट केली, परत घातला.

"ते रान माझ्या भावाचं हाय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं, जेवढं मला कधी सांगितलं नव्हतं तेवढं. ते गाव त्यांचं माहेर. मालक म्हणजे बापूराव, त्यांचा धाकटा भाऊ, एकुलता. वडील गेले तेव्हा बाईंनी हक्कसोडीवर सही केली, म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा लेखी सोडून दिला. आमच्याकडं बहिणी तसं करतात. त्या सहीच्या बदल्यात कागदावर काही मिळत नाही. मिळतं ते असं, की नागपंचमीला कुणीतरी न्यायला येतं, दिवाळीला साडी येते, आणि आजारी पडलं तर भाऊ दारात उभा राहतो. बापूराव हे सगळं न चुकता करत आला होता. वाईट माणूस नव्हता, बाई दोनदा म्हणाल्या.

"मग तर तुम्ही गप्पच बसा की," मी म्हटलं. "कुणाला काय कळणार आहे?"

"मला कळलंय न्हं," बाई म्हणाल्या, आणि कोरा कागद माझ्यापुढं सरकवला.

पत्र लिहिलं. साहेबांनी ते दोन दिवस टेबलावर ठेवलं, मग माझ्या सहीखाली त्यांनीही सही केली. 'पुढच्या वर्षाचं बघू' असंही म्हणाले. त्यांचं ते 'बघू' म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं.

दिवाळीच्या तोंडावरच्या त्या तारखेला आम्ही एसटीनं सोनपेठला गेलो. बाईंच्या पिशवीत एक जुनी वही होती आणि एक छोटा लाल स्वेटर. "बापूच्या नातीला," म्हणाल्या. "थंडी पडायलीय." वाटेत त्या खिडकीशी बसून शेतं बघत होत्या आणि कुठल्या ओढ्याला कुठं वळण आहे ते मला सांगत होत्या. न विचारता.

तहसीलमध्ये बापूराव आधीच आलेले. पांढरा सदरा, टोपी, तोंडावळा थेट बाईंचा. बहिणीला बघून त्यांचा चेहरा फुलला. "आक्का! तू कशी काय? कळवायचं न्हाई व्हय, गाडी धाडली असती." बाई म्हणाल्या, "कामानं आलेय बापू." तेवढ्यात पुकारा झाला.

मी माझं पत्र वाचलं आणि चूक समजावून सांगितली. तिथल्या अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "संगणकाचं आज हे, उद्या ते. मला जुन्या कागदात वाट दाखवा." जुना कागद समोर होता, घडीवर बोटभर फाटलेला. बाई पुढं झाल्या. हा कागद मी नोकरीला लागले त्या साली उतरवलाय, म्हणाल्या, आणि कोपऱ्यातली आपली सही दाखवली. मग वही उघडली. या तुकड्याची उत्तर कड, गाडीवाट एक. दक्षिण कड, गाडीवाट एक. शेजारच्या तुकड्याशी जुळवलेली, पेन्सिलीची खूण केलेली. कागदाच्या त्या दोन्ही कडा शाबूत होत्या. अधिकाऱ्यांनी भिंग लावून बघितलं. दोन्हीकडं गाडीवाटेच्या दोन समांतर तुटक रेघा स्पष्ट होत्या.

"मधलं फाटलंय सायेब," बाई म्हणाल्या. "पर हिकडून आत आली अन् तिकडून भायेर गेली. मधी काय हवेतून गेली का?"

खोलीत कुणीतरी हसलं. बापूराव हसले नाहीत. ते बहिणीकडं बघत होते, आणि त्यांचा आवाज चढला नाही, उलट पडला.

"आक्का, तू हिस्सा सोडलास माझ्यासाठी. सगळ्या गावाला मी सांगत आलो, माझ्या बहिणीनं एका शब्दानं मागितलं न्हाई. अन् आता तूच माझ्या रानातनं वाट काढून द्यायलीस?"

बाईंनी वही मिटली.

"हिस्सा माझा व्हता बापू, म्हणून सोडला. वाट माझी न्हाई."

अधिकाऱ्यांनी लेखनिकाला सांगायला सुरुवात केली. वाट मोकळी करावी, वगैरे. मध्येच बाईंनी हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा. "सायेब, तूर निघू द्या. उभं पीक हाय. दोन महिने पोरी फिरून जातील." आणि मागं वळून सुनंदाकडं बघितलं. सुनंदानं मान डोलावली. तसंच लिहिलं गेलं.

बाहेर आलो तर बापूराव निघून गेले होते. एसटीत बसल्यावर पिशवी मांडीवर घेतली. स्वेटर पिशवीतच होता. मला त्यांची इतकी दया आली की मी शेंगदाणे विकत घेऊन पुढं केले. त्यांनी त्यातले चार घेतले.

त्या दिवाळीला साडी आली नाही. हे त्यांनी सांगितलं नाही. काठ बघायच्या सवयीवरून कचेरीतल्या एकीनं थट्टेनं विचारलं, "बाई, यंदाची माहेरची दाखवा की," तेव्हा बाई म्हणाल्या, "यंदा न्हाई," आणि कामाला लागल्या. वर्षाच्या अखेरीला त्यांचं कंत्राट संपलं. माझं वाढलं. याचं मला आजही नवल वाटतं, आणि थोडी शरमही.

संक्रांत झाली, तूर निघाली, वाट मोकळी झाली. दोन्ही बाजूंना हद्दीचे दगड लावले. ती यंत्रानं मोजून नकाशात पक्की करायला मी गेलो, तेव्हा बाईंना फोन केला. कामाच्या नव्हत्या, तरी आल्या. डांबरी रस्त्यापासून चालायला लागलो. माझ्या हातात यंत्र, त्या एक पाऊल मागं. ऊन कलतीला लागलं होतं.

बापूरावांचा आखाडा, म्हणजे त्यांचं शेतातलं घर, वाटेला लागूनच आहे. अंगणात खाटेवर ते बसले होते. आम्हाला बघून त्यांनी तोंड फिरवलं. त्यांची बायको तांब्या घेऊन दारात आली, उंबऱ्यावर थबकली, नवऱ्याच्या पाठीकडं बघितलं आणि तांब्या घेऊन तशीच आत गेली. एक लहानगी दाराआडून बघत होती. तिला कुणीतरी आत ओढलं. बाईंची चाल हळू झाली नाही, वाढलीही नाही.

"यंत्र चालू हाय न्हं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग चला."

शंभरेक पावलं गेलो असू. मागून सायकलींच्या घंट्या वाजल्या. शाळा सुटून वस्तीवरच्या पोरी घरी निघाल्या होत्या, सात-आठ जणी, दप्तरं पाठीला, जोरात गप्पा. "ओ आजी, सरका की!" पुढची ओरडली. वाट अरुंद. मी उडी मारून बाजूच्या रानात उतरलो. नुकतीच तूर काढलेलं मोकळं रान, दहा माणसं उभी राहतील एवढी जागा.

बाई उतरल्या नाहीत. हद्दीच्या दगडाच्या आत, दोन्ही पाय जवळ घेऊन उभ्या राहिल्या. पोरी एकेक करून त्यांना घासून जात होत्या. एकीच्या दप्तराचा कोपरा त्यांच्या कोपराला लागला, एकीचं हँडल पदरात अडकता अडकता वाचलं.

"बाई, इकडं या ना," मी ओरडलो. "इकडं जागा आहे."

त्यांनी मान हलवली.

"नगं. ते बापूचं रान हाय."

शेवटची सायकल गेली. बाईंनी पदर सावरला आणि वाटेनं पुढं चालायला लागल्या.